दिवेलागणीनंतरचें संग्रहालय

सार्वजनिक संस्थेचा दरवाजा दोन प्रकारांनीं बंद ठेवतां येतो. एक प्रकार उघड आहे. प्रवेशाला जबर मूल्य ठेवावें, ओळखीची चिठ्ठी मागावी, अथवा विशिष्ट वर्गाच्या लोकांना मज्जाव करावा. दुसरा प्रकार इतका उघड नाहीं. दरवाजा सताड मोकळा ठेवावा, पैसाहि कोणाकडे मागूं नये; मात्र तो उघडावा अशा वेळीं, कीं जेव्हां बहुसंख्य लोक आपआपल्या कामांत गुंतलेले असतील. सकाळीं दहा वाजतां उघडणारें आणि दिवस मावळण्यापूर्वीं मिटणारें संग्रहालय कारखान्यांतल्या मजुराला विनामूल्य असून नसल्यासारखेंच. कलावस्तूंच्या संग्रहालयांच्या इतिहासांत हा वेळेचा दरवाजा प्रथम कोणीं व कसा उघडला, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे. ती लंडन शहरीं इ. स. १८५७ सालीं घडली; आणि तिच्यांत कलेइतकाच गॅसच्या नळ्यांचा, रसायनशास्त्राचा आणि श्रमजीवी माणसाच्या फुरसतीचा संबंध येतो.

रात्रीं कलाकृति पाहण्याची कल्पना मुळांत नवी नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रोमला जाणाऱ्या धनिक प्रवाशांना व्हॅटिकनमधील प्राचीन शिल्पें मशालींच्या उजेडांत पाहण्याची मोठी हौस असे. हलत्या ज्योतीमुळें दगडाचे उठाव ठळक होतात, खोलगट भागांत सावल्या भरतात आणि निश्चल मूर्तीला जणूं श्वास फुटतो, असें त्या रसिकांना वाटे. शिल्पकार कानोव्हा हा देखील आपलीं शिल्पें पाहुण्यांना मेणबत्तीच्या उजेडांत दाखवीत असे. डर्बीचा चित्रकार जोसेफ राइट यानें १७६५ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत मांडलेलें एक चित्र प्रसिद्ध आहे. तीन गृहस्थ अंधाऱ्या खोलींत एकाच दिव्याच्या प्रकाशांत एका लढवय्याच्या पुतळ्याची लहानशी प्रतिकृति न्याहाळीत आहेत, असा त्याचा विषय. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती. रात्रीचें कलादर्शन ही श्रीमंतांची चैन होती. मशाली धरणारे नोकर, दरवाजा उघडणारा रखवालदार आणि त्यांना द्यावयाची बक्षिसी, एवढा सरंजाम ज्याला परवडे, त्याच्यासाठींच अंधारांतलीं हीं दालनें उजळत असत. मशाल धरणारा मात्र दिवा धरण्यापुरताच आंत येई.

इंग्लंडांत १७५९ सालीं ब्रिटिश म्युझियम लोकांसाठीं उघडलें. तें राष्ट्राच्या मालकीचें होतें व प्रवेशास मूल्य नव्हतें. परंतु आरंभीं आंत जाण्यासाठीं अर्ज करून तिकीट मिळवावें लागे. पुढें ही अट गेली, तरी दिव्याचा प्रश्न राहिलाच. आगीच्या धास्तीनें तेथील दालनांत ज्योत येऊं देत नसत. हिंवाळ्यांत लंडनला दुपारीं चारच्या सुमारासच अंधार दाटूं लागतो. धुकें पडलें तर त्याहूनहि आधीं. सूर्य मावळला कीं संग्रहालयहि मावळे.

उरला रविवार. परंतु रविवार हा ख्रिस्ती लोकांचा उपासनेचा व विश्रांतीचा वार. त्या दिवशीं करमणुकीचीं स्थळें उघडीं ठेवणें म्हणजे धर्माची पायमल्ली, असें मानणारा मोठा पक्ष तेव्हां इंग्लंडांत होता. १८३१ सालीं या पक्षानें रविवारचें पावित्र्य राखण्यासाठीं एक संस्थाच स्थापन केली होती. उलट बाजूला, १८५५ सालीं स्थापन झालेली ‘नॅशनल संडे लीग’ ही संस्था रविवारीं संग्रहालयें उघडावीं म्हणून चळवळ करीत होती. १८५६ मध्यें हा प्रश्न पार्लमेंटांत आला आणि तो ठराव मोठ्या बहुमतानें फेटाळला गेला. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशीं बंदी! मग कामकरी माणसानें राष्ट्राची कलासंपत्ति पाहावी तरी केव्हां?

या प्रश्नाला व्यवहारी उत्तर देणारा मनुष्य म्हणजे हेन्री कोल. हा १८०८ सालीं जन्मला व १८८२ सालीं वारला. पेशानें सरकारी अधिकारी. परंतु स्वस्थ बसणें त्याच्या प्रकृतींत नव्हतें. एका पेनीच्या टपालाच्या योजनेंत त्यानें काम केलें. नाताळची छापील शुभेच्छापत्रिका १८४३ सालीं प्रथम त्यानेंच काढविली. आणि राणी व्हिक्टोरियाचे पति प्रिन्स अल्बर्ट यांच्या पुढाकारानें १८५१ सालीं हाइड पार्कमध्यें जें जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलें, त्याच्या चालकांपैकीं तो एक प्रमुख होता. कांचेच्या त्या विशाल मंडपांत पांच साडेपांच महिन्यांत सुमारें साठ लक्ष प्रवेश नोंदले गेले. विशेष म्हणजे, आठवड्यांतले कांहीं दिवस प्रवेशमूल्य एक शिलिंगपर्यंत खालीं आणतांच आगगाड्यांतून खेड्यापाड्यांचे व कारखान्यांचे लोक लोटले. हे लोक दंगल करतील, वस्तूंची नासधूस करतील, अशी भीति पुष्कळांनीं आधीं बोलून दाखविली होती. तसें कांहींच झालें नाहीं. सामान्य माणसाला सुंदर वस्तु पाहण्याची हौस असते आणि ती पाहतांना तो नीट वागतो, हा धडा कोलनें या प्रदर्शनापासून घेतला.

प्रदर्शनाला सुमारें १,८६,००० पौंड नफा झाला. त्या पैशांतून लंडनच्या पश्चिमेस साउथ केन्सिंग्टन भागांत जमीन घेण्यांत आली. इकडे १८५२ सालीं मार्लबरो हाउस या वाड्यांत कारागिरीच्या वस्तूंचें एक लहानसें संग्रहालय सुरू झालें होतें. तें १८५७ च्या जून महिन्यांत या नव्या जागीं आणून उघडण्यांत आलें. तेंच साउथ केन्सिंग्टन म्युझियम. इमारत म्हणजे लोखंडी पत्र्यांचें एक बेढब गोदाम. थट्टेखोर लंडनकरांनीं तिचें नांव ‘ब्रॉम्प्टनचे बॉयलर’ असें ठेवलें. परंतु याच बेढब इमारतीच्या शेजारीं एक महत्त्वाची वास्तु उभी राहिली. जॉन शीपशँक्स नांवाच्या कापडव्यवसायांतील धनिक घराण्यांतल्या गृहस्थानें आपला चित्रसंग्रह, २३३ तैलचित्रांसह, राष्ट्राला अर्पण केला होता. तो ठेवण्यासाठीं लष्कराच्या इंजिनियर खात्यांतील कॅप्टन फ्रान्सिस फोक यानें एक स्वतंत्र चित्रशाळा बांधली. दिवसा छतांतून उजेड यावा आणि रात्रीं गॅसच्या दिव्यांचा प्रकाश वरूनच भिंतींवर पडावा, अशी तिची योजना होती. दिवे चित्रांपासून बरेच उंच व दूर ठेवलेले असून त्यांची उष्ण हवा छतावाटे बाहेर जाई.

अशा रीतीनें साउथ केन्सिंग्टनचें संग्रहालय आठवड्यांतून कांहीं रात्रीं दहा वाजेपर्यंत उघडें राहूं लागलें. कलासंग्रहालय नियमितपणें रात्रीं उघडें ठेवण्याचा हा जगांतील पहिला प्रयोग समजला जातो. आठवड्याचे तीन दिवस प्रवेश मोफत. उरलेले तीन दिवस अभ्यासकांसाठीं राखलेले, आणि त्या दिवशीं इतरांस सहा पेन्स द्यावे लागत. कामकरी लोकांना कोणती वेळ सोयीची पडते तें प्रत्यक्ष अनुभवानें ठरवावें, हा कोलचा हेतु होता. मोठमोठे सिद्धांत मांडण्यापेक्षां दरवाजा उघडून कोण येतो तें मोजावें, अशी त्याची रीत होती. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत दिलेल्या एका व्याख्यानांत त्यानें या रात्रींचें वर्णन केलें आहे. अंधाऱ्या, कोंदट, एकदोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतून जाड्याभरड्या कोटांतला कारागीर बाहेर पडतो. बरोबर त्याची बायको, एखादें मूल कडेवर, दोनतीन मुलें मागून. आणि झगझगीत दिव्यांनीं उजळलेल्या त्या दालनांत पाऊल टाकतांच सर्वांच्या मुद्रेवर जो विस्मय उमटतो, तो पाहण्यासारखा असतो, असा त्याचा आशय.

हें चित्र सुंदर आहे. तथापि इतिहासानें त्याच्याकडे थोडें सावधपणें पाहिलें पाहिजे. कोल हा निव्वळ दयाबुद्धीनें प्रेरित झालेला नव्हता. त्याच्या मनांत दोन व्यावहारिक हेतु होते. इंग्लंडचा माल यंत्रांच्या जोरावर विपुल निघे. परंतु नक्षी, घडण व रंगसंगति यांत फ्रेंच मालापुढें तो उणा ठरे. कारागिराची नजर सुधारली तर माल सुधारेल आणि माल सुधारला तर व्यापार वाढेल, हा एक हेतु. दुसरा हेतु नैतिक होता. दिवसभराच्या श्रमानंतर लंडनच्या कामकऱ्याला दिव्यांनीं झगमगणारें एकच ठिकाण मोकळें असे, आणि तें म्हणजे दारूचा गुत्ता. संग्रहालयाचे दिवे हे गुत्त्याच्या दिव्यांवरचा उतारा ठरतील, असें कोल उघडपणें बोलून दाखवी. म्हणजे पाहणारा आनंद घेण्यास येई. बोलावणारा त्याला सुधारण्यास बोलवी. या दोहोंतला फरक लहान नाहीं.

वर्गभेदहि दरवाजांतून सहजासहजीं बाहेर गेला नाहीं. संग्रहालयांतच उपाहारगृह असावें, ही त्या काळीं अपूर्व असलेली सोय कोलनें केली; कारण लांबून आलेलें कुटुंब भुकेलें राहिलें तर चित्रें काय पाहणार? पुढें विल्यम मॉरिस याच्या मंडळीनें सजविलेली हिरव्या भिंतींची भोजनशाला तर आजहि तेथें पाहावयास मिळते. परंतु तेथें जेवणाचे पदार्थ पहिला वर्ग व दुसरा वर्ग असे विभागलेले असत आणि कामकऱ्यांसाठीं तिसऱ्या वर्गाची निराळी व्यवस्था होती. चित्रांपुढें सर्व समान; मात्र टेबलापाशीं ज्याची त्याची पायरी ठरलेली!

पण प्रयोगाला खरा धोका होता तो दुसरीकडूनच. गॅसच्या उजेडानें चित्रें बिघडणार नाहींत कशावरून? ही शंका पोकळ नव्हती. दगडी कोळशापासून निघणाऱ्या गॅसमध्यें गंधकाचीं द्रव्यें असतात. चित्रकारांचा नेहमींचा पांढरा रंग हा शिशापासून केलेला असे; आणि गंधकयुक्त वायूनें तो काळवंडतो, हें रसायनशास्त्रांतलें प्राथमिक सत्य आहे. शिवाय उष्णतेनें रंगाचे थर तडकतील, काजळीनें चित्रें मळतील, ही भीति होतीच. नॅशनल गॅलरींतील ब्रिटिश चित्रकारांचीं चित्रें जागेच्या अभावीं साउथ केन्सिंग्टनला हलविण्याचा विचार सुरू झाला, तेव्हां या शंकेला फारच महत्त्व आलें. त्या चित्रांत टर्नरचींहि चित्रें होतीं. राष्ट्राचा असा ठेवा गॅसच्या हवालीं कसा करावा?

तेव्हां १८५९ सालीं एक तज्ज्ञ समिति नेमण्यांत आली. तिच्या सभासदांचीं नांवें पाहिलीं म्हणजे हा प्रश्न किती गांभीर्यानें घेतला गेला तें समजतें. विद्युत्‌शास्त्रांतील युगप्रवर्तक मायकेल फॅरडे, रसायनवेत्ता हॉफमन, पदार्थविज्ञानवेत्ता टिंडल, चित्रकार रिचर्ड रेडग्रेव्ह आणि स्वतः कॅप्टन फोक. त्यांनीं रंगांच्या नमुन्यांची पाहणी केली व निर्णय दिला कीं, गॅसच्या प्रकाशांत चित्रांना अपाय करील असें स्वभावतः कांहीं नाहीं. तो सूर्यप्रकाशाइतका शुभ्र नसला तरी तितकाच निरुपद्रवी आहे. मात्र ज्वलनानें निघणारे पदार्थ चित्रांच्या आसपास रेंगाळूं देतां कामा नयेत, आणि दिवे पुरेशा अंतरावर असावेत. इतकेंच नव्हे, तर दिव्यांची उष्णता योग्य रीतीनें वापरली तर दालनांतली कोंदट हवा बाहेर ओढून घेण्यास तिचा उपयोगच होतो. ज्या वायूवर आरोप होता त्यालाच हवा खेळती ठेवण्याच्या कामाला लावावें, अशी ही सूचना होती. या निर्णयामुळें रात्रींचें दालन वैज्ञानिक पायावर उभें राहिलें. नॅशनल गॅलरीचीं ब्रिटिश चित्रें १८५९ पासून १८७६ पर्यंत साउथ केन्सिंग्टनला राहिलीं.

ब्रिटिश म्युझियमनें मात्र गॅस पत्करला नाहीं. तेथें रात्र उजळली ती विजेनें. १८७९ सालीं तेथील वाचनालयांत विजेचे दिवे लागले आणि १८९० सालीं वस्तूंचीं दालनेंहि संध्याकाळीं उघडूं लागलीं. साउथ केन्सिंग्टनच्या प्रयोगानंतर मध्यें तेहतीस वर्षें गेलीं होतीं.

त्या विश्वस्तांची आगीची धास्ती हास्यास्पद होती, असें महाराष्ट्रानें तरी म्हणूं नये. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करण्याचें काम मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून पुढें वर्षानुवर्षें केलें. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या गेल्या, आणि १८६६ सालच्या आगींत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढें मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील जॉन ग्रिफिथ्स यानें आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळांत तें काम पुन्हां केलें. हा ग्रिफिथ्स साउथ केन्सिंग्टनच्याच परंपरेंत तयार झालेला, आणि त्याच्या हाताखालच्या प्रतिकृतिहि तिकडेच पाठविण्यांत आल्या. १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टन येथें लागलेल्या आगींत त्यांपैकीं बऱ्याच नष्ट झाल्या. उरल्या त्यांच्या आधारें ग्रिफिथ्सचा अजिंठ्यावरील दोन खंडांचा ग्रंथ पुढें १८९६-९७ मध्यें निघाला. सह्याद्रीच्या एका दरींतील काळोख्या लेण्यांत शतकानुशतकें टिकून राहिलेल्या चित्रांच्या नकला लंडनला दोनदां अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडाव्या, हा दैवदुर्विलास खराच. संग्रहालयाचा विश्वस्त भित्रा असतो, कारण त्याच्या हातून गेलेली वस्तु पुन्हां मिळत नाहीं. पण त्याच्या भीतीची किंमत कोण देतो, हाहि प्रश्न तितकाच खरा आहे.

साउथ केन्सिंग्टन लंडनच्या सुखवस्तु पश्चिम भागांत होतें. दाट गरिबी होती ती पूर्व भागांत. म्हणून ‘ब्रॉम्प्टनच्या बॉयलरां’पैकीं कांहीं सांगाडा उचलून पूर्वेकडे बेथनल ग्रीन येथें नेला गेला आणि १८७२ सालीं तेथें शाखा उघडली. तीहि रात्रीं उघडी असे. तोच सांगाडा ज्या इमारतींत आहे, तें आज मुलांचें संग्रहालय म्हणून नांदत आहे. १८८१ पासून व्हाइटचॅपेल भागांत धर्मोपदेशक सॅम्युएल बार्नेट व त्यांची पत्नी हेन्रिएटा यांनीं शाळेच्या खोल्यांतून चित्रप्रदर्शनें भरविण्यास आरंभ केला. तीं रात्रीं उशीरापर्यंत व रविवारींहि उघडीं राहत, आणि गोदीवरचे हमाल, शिंपी, मोलकरणी तेथें गर्दी करीत. धर्मोपदेशकानेंच रविवारीं चित्रें दाखवावीं, यावरून काळाची दिशा समजूं लागली होती. याच उपक्रमांतून १९०१ सालीं व्हाइटचॅपेल गॅलरी उभी राहिली.

शेवटीं १८९६ सालीं पार्लमेंटनें राष्ट्रीय संग्रहालयें रविवारीं उघडण्यास मान्यता दिली. चाळीस वर्षांपूर्वीं जो ठराव झिडकारला गेला तोच मान्य झाला. येथें मुंबईची एक आठवण अस्थानीं होणार नाहीं. गिरणीकामगारांना आठवड्याची एक सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं जी चळवळ केली, तिला १८९० सालीं यश येऊन रविवारची सुटी मिळाली. लंडनच्या कामकऱ्याला रविवार होता, पण त्या दिवशीं संग्रहालय बंद. मुंबईच्या कामकऱ्याला प्रथम तो रविवारच मिळवावयाचा होता. भायखळ्याचें व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, आजचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ पासूनच उभें होतें. दार उघडणें आणि दारापर्यंत येण्यास माणसाला वेळ असणें, या दोन गोष्टी एकत्र आल्यावांचून सार्वजनिक हा शब्द पुरा होत नाहीं.

उजेडाविषयींची शंका मात्र तेवढ्यावर संपली नाहीं. १८८० नंतरच्या वर्षांत पाण्याच्या रंगांतलीं चित्रें फिकट होत चाललीं आहेत, अशी ओरड झाली. आणि रसेल व अ‍ॅबनी या शास्त्रज्ञांनीं प्रयोग करून १८८८ सालीं अहवाल दिला. दिवा दोषी नसून प्रकाश हाच अनेक रंगांचा शत्रु आहे, आणि दमट हवा त्याला साहाय्य करते, असें त्यांत सिद्ध झालें. सूर्याचा प्रखर प्रकाश गॅसच्या मंद प्रकाशापेक्षां अधिक घातक निघाला! हेन्री व्हॉन या संग्राहकानें १९०० सालीं टर्नरचीं जलरंगांतलीं चित्रें एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रशाळेस देतांना अट घातली कीं, तीं फक्त जानेवारी महिन्यांत, म्हणजे वर्षांतला उजेड अगदीं क्षीण असतांना, दाखवावीं. ती रीत अजून पाळली जाते. आज अशा नाजूक चित्रांवर सुमारें पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडूं देत नाहींत. ज्या उजेडानें चित्र दिसतें तोच उजेड त्याला कणाकणानें खातो. तेव्हां आजच्या पाहणाऱ्यांना दाखवावें किती आणि उद्यांच्यांसाठीं झांकून ठेवावें किती, याचा हिशेब प्रत्येक पिढीला नव्यानें मांडावा लागतो.

१८९९ सालीं साउथ केन्सिंग्टन म्युझियमचें नांव बदलून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम झालें, आणि १९०९ सालीं त्याच्या भव्य नव्या इमारतीचें उद्घाटन झालें. गॅसच्या ज्योती केव्हांच विझल्या. परंतु शुक्रवारीं रात्रीं दहापर्यंत तें संग्रहालय अजूनहि उघडें असतें. कचेरींतून सुटलेलीं तरुण माणसें, दिवसभर शिकून आलेले विद्यार्थी, मुलांना घेऊन आलेलीं आईबापें त्या रात्रीं तेथें हिंडतात. इतर देशांतल्या मोठ्या संग्रहालयांनींहि आठवड्यांतून एखाददुसरी रात्र राखून ठेवण्याची प्रथा उचलली आहे.

या साऱ्या हकीकतींतून ध्यानीं येतें तें इतकेंच. कलावस्तु गोळा करण्यास धन लागतें, जतन करण्यास ज्ञान लागतें. पण त्या लोकांच्या करण्यास लोकांच्या दिनक्रमाचा विचार लागतो. कोलच्या हेतूंत व्यापार होता, उपदेश होता आणि त्याच्या उपाहारगृहांत तीन वर्ग होते, हें खरें. तरीहि आपल्या वेळापत्रकाप्रमाणें मजुरानें यावें असें न म्हणतां मजुराच्या वेळापत्रकाप्रमाणें दिवे लावावेत, हें त्यानें प्रथम ओळखलें. आपल्याकडील नगरांतूनहि संग्रहालयें आहेत आणि त्यांच्या दारांवर वेळांच्या पाट्या आहेत. ती पाटी वाचतांना, या तासांत कोण येऊं शकतो आणि कोण येऊं शकत नाहीं, एवढा प्रश्न सुशिक्षित नागरिकानें मनाशीं विचारला आणि चालकांपुढें मांडला, तरी पुष्कळ काम होईल.